जुनी लेथ, शेपर, ड्रिल द्यायचेय? या चुका टाळा

हिंगण्याच्या एमआयडीसीत एखादं जुनं वर्कशॉप बंद झालं की पहिला फोन भंगारवाल्याला जातो. तो किलोवर भाव करतो. त्याच्या लेखी तुमची सहा फुटी लेथ (जॉब फिरवून कातायची मशीन) म्हणजे नुसतं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आणि थोडं पोलाद. तीच लेथ कळमेश्वरच्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे बुश-पिना करायला अजून बरीच वर्षं चालू शकते. पण तिथपर्यंत ती धड पोचायला हवी.

सगळ्यात महागात पडते ती चूक आवराआवरीत होते. चार जॉचा चक (जॉब पकडणारा भाग, जॉ म्हणजे त्याचे जबडे), फेस प्लेट, लांब जॉबला आधार देणारी स्टेडी, आट्यांचं माप बदलणारे चेंज गिअर एकाच पोत्यात कोंबले जातात आणि मशीनच्या आधी ते पोतंच विकलं जातं. क्विक-चेंज गिअरबॉक्स नसलेल्या लेथवर चेंज गिअर नसतील तर हवे ते आटे पाडता येत नाहीत. तीन जॉच्या चकचे उलटे जॉसुद्धा सोबतच ठेवा. त्यांच्यावर १, २, ३ आकडे असतात आणि दुसऱ्या चकचे जॉ बसवले तर जॉब सरळ फिरेल याची खात्री नाही. हे सगळं एका पेटीत भरून पेटी मशीनलाच बांधून टाका. गिऱ्हाईक अर्धं तिथेच पटतं.

दुसरी चूक, महावितरणचं कनेक्शन आधी तोडणं. मग मशीन चालवून दाखवायची कशी? वीज असतानाच व्हिडिओ काढा, हेडस्टॉकचा, म्हणजे चक फिरवणाऱ्या डाव्या पेटीचा आवाज ऐकू येऊ द्या. जाहिरातीत नुसतं ‘चालू स्थितीत’ लिहू नका. बेडची लांबी, सेंटरची उंची, स्पिंडलचं भोक, मोटरचा एचपी, फेज लिहा. घेणाऱ्याकडे सिंगल फेज असेल तर मोटर बदलायची की व्हीएफडी (मोटरला तीन फेज देणारा ड्राइव्ह) लावायचा, हे त्याला आधीच ठरवता येईल. बेड चकाजवळ सर्वाधिक झिजतो, त्याचा फोटो द्याच. झीज लपवली तरी जाणता फिटर कॅरेज, म्हणजे बेडवर सरकणारा टूलचा भाग, दोन्ही टोकांना सरकवून क्षणात ओळखतो.

आयटीआयला द्यायचा विचार चांगला आहे, मात्र गाडी भरून थेट फाटकावर जाऊ नका. यादी आणि फोटो जोडून प्राचार्यांना पत्र द्या, होकार येऊ द्या. गार्ड नसलेली पॉवर प्रेस मात्र शिकाऊ पोरांच्या हाती देऊ नये, ती भंगारातच बरी.

उचलताना हायड्रावाल्याच्या (क्रेनवाल्याच्या) घाईला बळी पडू नका. उचलायचा पट्टा लीड स्क्रूवर, म्हणजे बेडलगतच्या लांब आट्यांच्या दांड्यावर दाबला की तो दांडा वाकतो. वजन हेडस्टॉककडे जास्त असतं, म्हणून कॅरेज आणि टेलस्टॉक (समोरून जॉबला टेकू देणारा भाग) दुसऱ्या टोकाला सरकवून तोल साधा. पिलर ड्रिलचं टेबल आधी खाली आणा. फाउंडेशन बोल्ट सोडले का, हेही पाहा. विचित्र वाटेल, पण हे विसरतात.

पावसाळ्यात मशीन काही आठवडे पडून राहणार असेल तर रंग नसलेल्या गुळगुळीत पृष्ठभागांना ग्रीस लावा. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरून गंज चढतो.

कागदपत्रं: जीएसटी नोंदणी असेल तर बिल लागेल. खरेदीवेळी भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं होतं का, ते सीएला सांगा. राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वर आणि छिंदवाडा किंवा रायपूरला माल जाणार असेल तर ५० हजारांच्या वर ई-वे बिल लागतं. पैसे पोचल्याशिवाय हायड्राला हुक लावू देऊ नका.