शिशाचे सैनिक घेताय? आधी मान हलवून बघा

मला दर महिन्याला कोणीतरी फोटो पाठवून विचारतं, दादा आजोबांच्या ट्रंकेत हे घोडेस्वार सापडलेत, लाखाचे असतील ना? बहुतेक वेळा नसतात. लंडनच्या ब्रिटन्स या खेळण्यांच्या कंपनीने 1893 मध्ये शिशाचे आतून पोकळ खेळण्यातले सैनिक काढले, शिसं कमी लागायचं म्हणून भरीव जर्मन मालापेक्षा स्वस्त पडायचे, आणि मग 1966 पर्यंत बनवतच राहिले, त्यामुळे माल ढिगाने आहे. नुसतं जुनं असून भागत नाही.

भाव काढायचा तर विकणाऱ्याने लावलेला आकडा सोडून द्या, तो वर्षभर तसाच लटकलेला असतो. ऑनलाइन 'विकले गेले' फिल्टर लावा, तोच सेट, डब्यासकट की सुटा, असे चार-पाच आकडे काढा. ऑक्शनमध्ये बोलीवर बायर्स प्रीमियम, म्हणजे ऑक्शनवाल्याचं कमिशन, चढतो, वर शिपिंग आणि कस्टम, हे सगळं धरूनच काय ते ठरवा.

हातात आला की मान हळूच हलवा. पूर्वी तुटलेलं डोकं पोरं काडेपेटीची काडी खुपसून बसवायची, वरून रंग मारला की कळत पण नाही. बंदुकीचं टोक, घोड्याचे पाय, हलणारा हात मूळचाच आहे का, सगळं भिंगातून बघा. खरचटलेल्या खड्ड्यातसुद्धा रंग गुळगुळीत बसलाय म्हणजे रिपेंट, आणि रिपेंट म्हणजे भाव गडगडला. म्हणून घरी ब्रश घेऊन 'सुधारायला' बसू नका प्लीज! मूळचा लाल डबा फाटका असला तरी ठेवा.

आता ठाणेकरांसाठी खास. लाकडातून आम्लाच्या वाफा निघतात, त्यात दमटपणा मिळाला की शिशावर करडी-पांढरी पावडर धरते, तो लेड रॉट. पावसाळ्यात प्लायवूडच्या बंद कपाटात माझे दोन बंगाल लान्सर (भालेवाले घोडेस्वार) असेच गेले. लोखंडी रॅक आणि सिलिका जेल, बास.

डिमांडचं म्हणाल तर लहानपणी यांच्याशी खेळलेली पिढी म्हातारी झाली, त्यांची कलेक्शनं बाजारात येतायत, म्हणून साधे गार्ड्सचे (ब्रिटिश राजवाड्याच्या पहारेकऱ्यांचे) सेट वर जातील असं मला तरी वाटत नाही. बिकानेर कॅमल कोअरसारखे (बिकानेरचे उंटस्वार) सेट डब्यासकट आणि मूळ रंगात मिळाले तर मी विचार करेन, पण गिऱ्हाईक बहुतेक परदेशातच, इथे नौपाड्यात कोण घेणार? एफडी मोडून तर अजिबात नको. शुक्रवारी पहाटेची लोकल पकडून चोरबाजारात जा, सुटे दोन-चार घ्या, हात शिकेल. आणि हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवा, शिसं आहे ते, वडापाव त्यानंतर.