सोलापूरहून कोकणात समुद्राचे फोटो काढायला जाताय? आधी तिथी बघा

आपल्याकडं समुद्र म्हणजे हिप्परग्याचा तलाव, त्यामुळं कोकणात पोचलं की सोलापूरकर कॅमेरा काढून थेट पाण्याकडं पळतो. मी पण तेच केलं होतं. साडेतीनशे किलोमीटर गाडी हाणत, मंगळवेढा, सांगोला, कोल्हापूर करत आंबा घाट उतरलो, सनसेटच्या जरा आधी रत्नागिरीजवळच्या आरे-वारेला पोचलो आणि बघतो तर बीच गायब, पाणी पार वरपर्यंत. ओली वाळू, काळे खडक, डबक्यात आकाशाचं रिफ्लेक्शन, डोक्यात घेऊन गेलो होतो त्यातलं काहीच दिसेना. बाजूला जाळं आवरत बसलेले एक काका हसले, म्हणाले, "आज अष्टमी ना पावणे, तिथी बघून यायचं."

तर पहिली स्टेप घरीच. पंचांग काढा, ते तर आपल्या सोलापुरातच छापतात, फक्त आपण त्यात मुहूर्त सोडून काही बघत नाही. काकांनी सांगितलेला हिशोब सोपा आहे, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, माझा पोपट तिथंच झाला. पौर्णिमा किंवा अमावस्या धरली तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास पाणी लांब गेलेलं आणि सूर्य समोर पश्चिमेला. हेच पाहिजे की आपल्याला! हा अंदाजाचा हिशोब आहे बरं का, अचूक टाइम मोबाईलच्या टाइड अ‍ॅपवर बघून घ्या, भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते. आणि पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी जितकं लांब जातं तितकंच जोरात परत येतं, त्यामुळं खडकावर असाल तर परतायची वाट आधीच बघून ठेवा, समुद्राकडं पाठ करून व्ह्यूफाइंडरमध्ये घुसून बसू नका.

दुसरं, सामान. ट्रायपॉड, एक एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच), जमलं तर पोलरायझर (पाण्यावरची चमक कमी करणारा फिल्टर), आणि दोन सोलापुरी टॉवेल. हसू नका, एक कॅमेऱ्यावरचा खारा तुषार टिपायला आणि एक गुडघ्याखाली. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी कपड्यात बांधून न्या, चार दिवस टिकते, आणि वेफर्सचं पाकीट वाऱ्यानं उडून समुद्रात गेलं हा प्रकारच होत नाही. लेन्स बदलायची तर गाडीतच, वाळूत नको.

आता बीचवर. उतरताना वाळूच्या उंचवट्यावर जांभळ्या फुलांची वेल पसरलेली दिसेल, ती मर्यादवेल, तिच्या मुळांनी आणि फांद्यांनी वाळू धरून ठेवलेली असते. तिच्यावरून शॉर्टकट मारू नका, लोकांची मळलेली पायवाट असते तिनंच उतरा. गाडी वाळूत घालून रील करणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, बोललो तर शिव्याच निघतील. त्या वाळूखाली खेकड्यांची बिळं असतात, नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी पण असू शकतात.

आणि मग थांबा. दहा मिनिटं कॅमेरा न काढता नुसतं खाली बघा. ओहोटीच्या ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्या दिसतील, एका भोकाभोवती किरणांसारख्या मांडलेल्या, कुणीतरी ठिपक्यांची रांगोळी काढावी तशी. नखाएवढा खेकडा वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाणं गाळून घेतो आणि उरलेली गोळी बाजूला ठेवतो, पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं. फोरग्राउंड यापेक्षा भारी काय मिळणार? कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर, वाइड लेन्स, तिरपा उजेड, आणि तुम्ही हलायचं नाही, पाच मिनिटांत खेकडा परत बाहेर येतो. पाय मात्र रांगोळीच्या बाहेर.

खडकातल्या डबक्यांचं पण तसंच. कालवं, शिंपले, अ‍ॅनिमोन दगडाला चिकटलेले असतात, दगड समजून आपण त्यांच्यावरच ट्रायपॉडचा पाय रोवतो. मोकळ्या, कोरड्या खडकावर रोवा. दगड उलटू नका, स्टारफिश उचलून "चांगल्या" जागी ठेवू नका.

सेटिंग फार अवघड नाही. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८ ते ११, आणि लाट मागं सरकताना अर्धा ते एक सेकंद शटर, पुढं येताना नाही, मागं जाताना, तेव्हाच वाळूवर पांढऱ्या रेघा ओढल्या जातात. मोबाईलवाल्यांनी आकाशावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर सूर्य म्हणजे नुसता पांढरा डाग. सूर्य बुडाला की लोक निघतात, तुम्ही अजून वीस मिनिटं थांबा. सकाळ पण सोडू नका, उजेड मागून डोंगराकडून येतो आणि लाटांवर सरळ पडतो, गर्दी तर नसतेच.

पक्ष्यांच्या थव्यात पोराला पळवून उडतानाचा फोटो काढायचा, हे बंद करा. थंडीत येणारे सीगल हजारो किलोमीटर उडून आलेले असतात, त्यांना विश्रांती पाहिजे असते. ड्रोन असेल तर डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा, ड्रोन कुठं उडवता येतो ते दाखवणारा नकाशा आधी बघा आणि थव्यावरून नेऊ नका.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवाची पिल्लं बघायला गेलात तर तिथले कार्यकर्ते दोरी बांधतात त्याच्या मागंच राहा. फ्लॅश बंद, टॉर्च बंद, मोबाईलची स्क्रीन पण मंद, कारण पिल्लू उजेडाच्या दिशेनं चालतं, आणि तुमचा उजेड समुद्रापेक्षा जास्त झाला की ते उलटं वळतं.

शेवटचं काम मुक्कामावर. ट्रायपॉडचे पाय सुटे करून गोड्या पाण्यात धुवा, मीठ राहिलं की लॉक जाम होतात. हे तिथंच उरका, "घरी गेल्यावर बघू" म्हणू नका, सोलापुरात नळाला पाणी कधी येईल ते तुम्हाला माहितीच आहे.