हँडब्रेक लागत नाही किंवा सुटत नाही? लिव्हरजवळचा नट आवळायच्या आधी हे बघा

ठाण्यात घोडबंदर रोडच्या नाहीतर नवी मुंबईत खारघरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांना हँडब्रेकची किंमत वेगळी सांगायला नको, रोज पोडियमच्या रॅम्पवर पुढची गाडी निघेपर्यंत थांबावंच लागतं आणि मागे कोणाची ना कोणाची गाडी चिकटून उभी असतेच. त्यात आपल्याकडे चार महिने पाऊस, बाकीचे महिने खाडीची दमट हवा, त्यामुळे मागच्या ड्रममध्ये (चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं) आणि लिव्हरपासून तिथे जाणाऱ्या केबलमध्ये गंज धरणं ठरलेलंच. हँडब्रेक ढिला वाटला की बहुतेक जण लिव्हरजवळचा, केबल ताणायचा नट आवळून मोकळे होतात. तसं करू नका. नट सगळ्यात शेवटी, आधी शू (ड्रमला आतून दाबून चाक अडवणारे अर्धगोल तुकडे), मग केबल, हा क्रम पाळलात तर निम्म्या वेळा नटाला हात लावायची वेळच येत नाही.

हे सगळं मागे ड्रम ब्रेक आणि हाताने ओढायची लिव्हर असलेल्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या हॅचबॅक. लिव्हरऐवजी बटण असेल म्हणजे इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर घरी उघडू नका, तो बहुतेकदा स्कॅनर लावून सर्व्हिस मोडमध्ये टाकावा लागतो, नाहीतर मोटर खराब होऊ शकते.

आधी नक्की तक्रार काय ते ठरवा

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद, आणि लिव्हर हळूहळू ओढत टिक टिक मोजा. बऱ्याच गाड्यांत साधारण पाच ते आठ टिकमध्ये ब्रेक घट्ट लागायला हवा, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. लिव्हर पार वरपर्यंत येत असेल तर शू झिजलेत किंवा ॲडजस्ट झालेले नाहीत किंवा केबल ताणली गेलीय. दोन-तीन टिकमध्येच दगडासारखी घट्ट होत असेल तर बहुतेक आधी कोणीतरी नट जास्त आवळून ठेवलाय.

लिव्हर खाली केल्यावरही मीटरमधला लाल दिवा जात नसेल तर पहिलं बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. डब्यावरच्या मिनच्या (MIN) खुणेखाली असेल तर तो प्रश्न हँडब्रेकचा नाहीच, शू-पॅड झिजलेत नाहीतर कुठेतरी गळतंय, आणि गळत असेल तर गाडी चालवू नका, मेकॅनिकला खाली बोलवा. पातळी बरोबर असेल तर लिव्हर हाताने अजून खाली दाबून बघा, दिवा गेला तर लिव्हरच्या बुडाशी जो छोटा स्विच असतो तो सरकलाय किंवा त्यात घाण बसलीय.

गाडी उचलताना

इथे घाई अजिबात नको, कारण मागचं चाक फिरवून बघायचं म्हणजे हँडब्रेक सोडावाच लागतो आणि मग गाडी धरून ठेवायला दुसरं काही हवं. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पहिला गिअर टाका, ऑटोमॅटिक असेल तर पी. बोलेरो किंवा ईकोसारखी मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर गिअर टाकून चाक फिरणारच नाही, ती न्यूट्रलला ठेवावी लागते, म्हणून ठोकळे दुप्पट नीट बघा. रॅम्पवर हे काम करायचंच नाही, सोसायटीत जागा नसेल तर रविवारी सकाळी पार्किंग रिकामं असताना करा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक लावा आणि खाली जॅक स्टँड ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालू नका, डोकं तर नाहीच.

चाक फिरवून बघा

हँडब्रेक सोडलेला असताना चाक हाताने फिरवा. हलकं घासल्यासारखा आवाज चालतो, पण चाक सहज फिरलं पाहिजे. मग घरातल्या कोणालातरी आत बसवून एक-एक टिक ओढायला सांगा. आता तेच दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंना साधारण सारख्याच टिकला चाक अडायला लागलं पाहिजे. एक बाजू आवळतेय आणि दुसरी मोकळीच फिरतेय असं असेल तर नट आवळून काही होणार नाही, ज्या बाजूचं चाक फिरतंय त्या बाजूची केबल किंवा शू बघायचे.

सोडल्यावरही चाक जड फिरत असेल तर ड्रमच्या मागच्या प्लेटमध्ये केबल जिथे शिरते तिथे बघा. हँडब्रेकची केबल सायकलच्या ब्रेकसारखीच असते, बाहेर कव्हर आणि आत तार, कव्हरला एक चीर पडली की पावसाचं पाणी आत जातं, तार गंजते आणि ओढली जाते पण परत येत नाही. अशा केबलमध्ये तेल सोडून चार दिवस बरं वाटतं, पण केबल बदलणंच योग्य, उतारावर ती कधी दगा देईल सांगता येत नाही.

ड्रम उघडायचा असेल तर

ड्रम ओढून निघत नसेल तर त्यावर आटे असलेली दोन भोकं दिसतात का बघा, त्यात मापाचे बोल्ट आलटून पालटून आवळले की ड्रम बाहेर ढकलला जातो. तरीही अडला तर केबलचा नट सैल करा म्हणजे शू आत जातात. आतली काळी भुकटी फुंकू नका, कॉम्प्रेसरने उडवू तर अजिबात नका, ती फुप्फुसात जाते. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा. स्प्रिंग काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बाजू बघून जोडायला सोपं जातं. ड्रम काढलेला असताना ब्रेक पेडल कोणीही दाबायचं नाही.

आत बघायचं काय तर लायनिंगची (शूवरच्या घासणाऱ्या थराची) जाडी, आणि शूंना ढकलणाऱ्या वरच्या छोट्या सिलिंडरचं रबर. रबराच्या कडेला ओलं दिसलं किंवा शूवर चिकट काळा थर असला तर ते बहुतेक ब्रेक ऑइल आहे, ते शू पुसून वापरू नका, इथून पुढे मेकॅनिककडे द्या. सगळं कोरडं असेल तर गंज घासून काढा, शू प्लेटला जिथे टेकतात तिथे ब्रेकचं ग्रीस अगदी नखाएवढं लावा, लायनिंगला लागता कामा नये.

ड्रम आणि चाक बसवून गाडी खाली घेतल्यावर ब्रेक पेडल दहा-पंधरा वेळा नीट दाबा, बऱ्याच गाड्यांत त्यानेच शूंमधलं अंतर राखणारा ॲडजस्टर पुढे सरकून शू ड्रमच्या जवळ येतात. आता टिक मोजा. अजूनही जास्त असतील तरच नट, आणि तोही अर्धा-अर्धा फेरा. आधीच नट आवळला की केबल शूंना कायम थोडं उघडं धरून ठेवते, काही गाड्यांत मग ॲडजस्टर काम करेनासा होतो आणि चाक तापत राहतं.

पावसात चिकटलेला ब्रेक

जुलैत गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की शू ड्रमला गंजाने चिकटतात. अशा वेळी जोरात रेस देऊन गाडी ओढू नका, लायनिंग शूवरून उखडू शकतं. पहिला आणि रिव्हर्स आलटून पालटून हलका झोका द्या, नाहीच सुटलं तर चाक काढून ड्रमवर रबरी हातोडीने गोलाकार ठोका. गावाला जाताना गाडी सपाट जागी असेल तर गिअरमध्ये ठेवा, ठोकळा लावा आणि हँडब्रेक सोडून जा.

शेवटची चाचणी

हलक्या उतारावर, पुढे-मागे कोणी नसताना, आत बसून पाय ब्रेकवर तयार ठेवून हँडब्रेक ओढा आणि पाय हळू उचला. गाडी जागची हलली नाही तर दोन-तीन किलोमीटर शक्यतो कमी ब्रेक मारत चक्कर मारा आणि उतरून मागच्या दोन्ही चाकांजवळ तळहात धरा, ड्रमला हात लावू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलंय किंवा जळका वास येतोय असं वाटलं तर नट अर्धा फेरा सैल करून पुन्हा चक्कर मारा, तरीही तेच चाक तापलं तर त्या बाजूचा ड्रम परत उघडावा लागेल.