गर्भनिरोधकाच्या पाकिटावरील प्रोजेस्टिन कसे ओळखावे आणि त्यानुसार गोळी कशी घ्यावी

गौरी-गणपतीच्या आधी मेडिकलमध्ये ‘पाळी पुढे ढकलायची गोळी’ मागितली, की बहुधा 5 मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरोनची स्ट्रिप हातात पडते. सण उरकतो, चार-सहा गोळ्या कपाटात उरतात आणि पुढे कधीतरी ‘हार्मोनचीच गोळी आहे ना, मग दिवस राहणार नाहीत’ अशा समजुतीने त्या घेतल्या जातात. ही समजूत चुकीची आहे. पाळी लांबवण्यासाठी ही गोळी अपेक्षित तारखेच्या साधारण 3 दिवस आधी सुरू करतात; तोपर्यंत बीज बाहेर पडून दहा-अकरा दिवस उलटलेले असतात, त्यामुळे त्या महिन्यात गर्भ राहायचा असेल तर तो राहून गेलेला असतो. मात्र हेच नॉरएथिस्टेरोन 0.35 मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत, एकही दिवस न चुकवता घेतले, तर ते अनेक देशांत गर्भनिरोधक म्हणून रीतसर वापरले जाते. म्हणून कोणतेही पाकीट हाती आले, की ठळक अक्षरांतले व्यापारी नाव बाजूला ठेवून मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली घटकांची ओळ आधी वाचावी.

त्या ओळीत प्रथम प्रोजेस्टिनचे, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या कृत्रिम नकलेचे, नाव शोधावे. लेव्होनॉर्जेस्ट्रेल, डेसोजेस्ट्रेल, एटोनोजेस्ट्रेल अशा बऱ्याच नावांत ‘जेस्ट’ ही अक्षरे सापडतात. ड्रोस्पिरेनोन, सायप्रोटेरोन आणि वर आलेले नॉरएथिस्टेरोन यांच्या नावात ती नसली, तरी तीही याच कुळातली आहेत. नुसते ‘प्रोजेस्टेरॉन’ असे छापलेले असेल, तर ते गर्भनिरोधक नव्हे. त्या कॅप्सूल पुष्कळदा गर्भ टिकावा म्हणून दिल्या जातात. एकच हार्मोन गर्भ टिकवतो आणि त्याचीच नक्कल गर्भ राहू देत नाही, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. बीज बाहेर पडल्यावर बीजकोशात उरलेला पीतपिंड प्रोजेस्टेरॉन तयार करतो आणि त्याची पातळी वाढली, की मेंदूतली पियुषिका ग्रंथी नवे बीज सोडण्याचा संदेश रोखून धरते. प्रोजेस्टिनमुळे ही स्थिती बीज सुटण्यापूर्वीच निर्माण होते. शिवाय गर्भाशयाच्या मुखाजवळचा स्राव इतका घट्ट होतो, की शुक्रजंतूंना वर जाणे अवघड होते. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन तोंडावाटे घेतले, तर त्याचा बराचसा भाग यकृतातच नष्ट होतो, म्हणून टिकाऊ नकलेची गरज पडली. मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स या कंपनीच्या प्रयोगशाळेत, कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रांझ यांच्या हाताखाली काम करणाऱ्या लुईस मिरामोंतेस या तरुण रसायनशास्त्रज्ञाने 15 ऑक्टोबर 1951 रोजी नॉरएथिस्टेरोन तयार केले. सणासुदीला आपल्याकडे खपते ते हेच.

यानंतर पाहावे, की त्या ओळीत ‘एथिनिल एस्ट्राडिओल’ (इस्ट्रोजेन गटातले हार्मोन) हे दुसरे नाव आहे का. ते असेल तर ती संयुक्त गोळी असते. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या माला-एनमध्ये 0.15 मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि 0.03 मिलिग्रॅम एथिनिल एस्ट्राडिओल असते. वयाची पस्तिशी ओलांडलेल्या आणि धूम्रपान करणाऱ्या, रक्तदाब वाढलेल्या, पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झालेल्या, किंवा डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून मग अर्धशिशी उठणाऱ्या स्त्रीने संयुक्त गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. अंगावर पाजणाऱ्या आईने तर पहिले सहा महिने तिचा विचारच करू नये. अशा स्त्रियांसाठी केवळ प्रोजेस्टिन असलेले पर्याय असतात, मात्र त्यांची निवड डॉक्टरांशी बोलूनच करावी.

आता वेळापत्रक. माला-एनच्या पाकिटात 21 पांढऱ्या गोळ्या हार्मोनच्या आणि 7 तपकिरी गोळ्या लोहाच्या असतात. तपकिरी गोळ्यांच्या दिवसांत येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नसून हार्मोन थांबल्याचा परिणाम असतो. एक किंवा दोन पांढऱ्या गोळ्या राहिल्या, तर आठवताच एक घ्यावी आणि पुढच्या गोळ्या नेहमीच्या वेळी चालू ठेवाव्यात. लागोपाठ तीन किंवा अधिक राहिल्या, तर एक लगेच घेऊन पुढचे 7 दिवस निरोध वापरावा. हे तिसऱ्या आठवड्यात घडले असेल, तर पांढऱ्या गोळ्या संपताच तपकिरी गोळ्या न घेता थेट नवे पाकीट उघडावे. केवळ प्रोजेस्टिन असलेल्या गोळ्यांत रिकामा आठवडा नसतो आणि घड्याळही कडक असते. डेसोजेस्ट्रेलला 12 तासांपर्यंतचा उशीर चालतो, तर नॉरएथिस्टेरोनला अवघ्या 3 तासांचा. रात्रपाळी करणाऱ्या स्त्रीने हा फरक पाकीट घेण्याआधीच लक्षात घ्यावा, असे मला वाटते.

तातडीच्या गोळीत पुन्हा लेव्होनॉर्जेस्ट्रेलच असते, पण 1.5 मिलिग्रॅम, म्हणजे माला-एनच्या दहा दिवसांच्या मात्रेइतके, एकाच वेळी. ती असुरक्षित संबंधानंतर 72 तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके चांगले, या हिशेबाने घ्यावी. ती बीज सुटणे लांबवते. बीज सुटून गेले असेल तर तिचा उपयोग होत नाही आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही. त्यानंतर पाळी आठवड्याहून अधिक लांबली, तर तपासणी करून घ्यावी.

क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन वा कार्बामाझेपिन चालू असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण या औषधांमुळे यकृत हार्मोनचा निचरा लवकर करते आणि कोणतीही गर्भनिरोधक गोळी दुबळी पडते. अशा वेळी ‘अंतरा’ इंजेक्शनचा पर्याय राहतो. त्यात 150 मिलिग्रॅम मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरोन असिटेट असते आणि ते दर 3 महिन्यांनी घ्यावे लागते. टोचलेली जागा चोळू नये किंवा शेकू नये, कारण औषध हळूहळू उतरणे हेच त्याचे काम आहे. सुरुवातीला अवेळी अंगावरून जाते, पुढे पाळी बंदही होते. तो आजार नव्हे. मात्र इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला अनेक महिने लागू शकतात, म्हणून वर्षभरात मूल हवे असणाऱ्या जोडप्याने हा मार्ग धरू नये. पुढची तारीख कार्डावर लिहून घ्यावी आणि ते कार्ड आशाताईंनाही दाखवून ठेवावे.

‘छाया’ ही गोळी या यादीत शोधू नये. तिच्यात सेंटक्रोमन असते, प्रोजेस्टिन नसते. ती पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते. म्हणून माला-एन सोडून छायावर येणाऱ्या स्त्रीने रोजची सवय तिला लावू नये.