चिकातिलो प्रकरणाचा अभ्यास कसा करावा आणि त्यावर कसे लिहावे

रशियातील रोस्तोव प्रांतात 1978 ते 1990 या काळात स्त्रियांचे आणि मुलांचे खून करणाऱ्या आंद्रेय चिकातिलोविषयी लेख, व्याख्यान किंवा पॉडकास्ट करू पाहणाऱ्याला सामग्रीची वाण पडत नाही. अडचण अशी की ती बहुतेक एकाच वळणाची असते : उपासमारीचे बालपण, अपमानाने भरलेले तारुण्य, मग एकामागून एक खून आणि शेवटी न्यायालयातल्या लोखंडी पिंजऱ्यात उभा असलेला, डोके भादरलेला आरोपी. या वळणाने गेल्यास लिहिणाऱ्याचे काम सोपे होते, पण बारा वर्षे तो सापडला का नाही, हा प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बाजूलाच राहतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असेल तर हे प्रकरण कबुलीजबाबांच्या अंगाने वाचावे, कारण खऱ्या गुन्हेगाराच्या कबुलीच्या कितीतरी आधी ज्यांनी हे खून केलेच नव्हते अशा माणसांच्या कबुल्या पोलिसांच्या दप्तरी जमा झाल्या होत्या.

पहिले काम कालपटाचे. कागदावर तीन रकाने आखावेत. एकात चिकातिलोच्या आयुष्यातल्या घटना, दुसऱ्यात खून आणि मृतदेह सापडल्याच्या तारखा, तिसऱ्यात पोलिसांनी कोणाला कधी पकडले ते लिहावे. पहिला रकाना लवकर भरतो. 16 ऑक्टोबर 1936 रोजी युक्रेनमधील याब्लुच्ने या खेड्यात जन्म, सैन्यातील नोकरीनंतर रोस्तोवजवळच्या रोदिओनोवो-नेस्वेतायस्काया येथे दूरध्वनी खात्यात काम, 1963 मध्ये विवाह, दोन अपत्ये, पत्राद्वारे शिक्षण घेऊन रशियन साहित्यातील पदवी आणि त्यानंतर शिक्षकाची नोकरी. विद्यार्थ्यांशी गैरवर्तन केल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा गुन्हा नोंदवला गेला नाही, त्याला फक्त नोकरी सोडायला लावले गेले आणि तो दुसऱ्या शाळेत रुजू झाला. ही नोंद ठळक करून ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या गोष्टींची पूर्वपीठिका बालपणापेक्षा इथे जास्त दिसते.

भूगोल समजल्याशिवाय तपास समजत नाही, म्हणून नकाशा जवळ ठेवावा. रोस्तोव प्रांत हा दोन (डॉन) नावाच्या नदीच्या खोऱ्यातला गवताळ, सपाट प्रदेश आहे आणि शाख्ती, नोवोशाख्तिन्स्क ही त्यातली कोळसा खाणींची गावे. शेतांना उघड्या माळावरच्या वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून या भागात झाडांचे लांबलचक पट्टे लावलेले आहेत आणि त्यांतले कित्येक रेल्वेमार्गाला लागून जातात. लोकल गाडीच्या लहानशा थांब्यावर उतरून काही मिनिटे चालले की माणूस रस्त्यावरून दिसेनासा होतो. एकट्याने प्रवास करणाऱ्या, घरून पळून आलेल्या किंवा आसरा नसलेल्या व्यक्तीला स्थानकावर वा बसथांब्यावर गाठायचे आणि काही आमिष दाखवून अशा झाडीत न्यायचे, ही त्याची पद्धत होती. तपासमोहिमेला ‘लेसोपोलोसा’, म्हणजे झाडांचा पट्टा, हेच नाव पडले. खुनाच्या वर्णनासाठी यापेक्षा अधिक तपशिलाची गरज सहसा नसते. जखमांची यादी दिल्याने तपासाविषयी वाचकाला फारच थोडे नवे कळते.

आता तिसऱ्या रकान्याकडे वळावे आणि इथे घाई करू नये. 22 डिसेंबर 1978 रोजी शाख्तीमध्ये नऊ वर्षांच्या एका मुलीचा खून झाला आणि तिचा मृतदेह ग्रुशेव्का नदीत सापडला. चिकातिलोने गुपचूप घेतलेल्या एका जुन्या घराजवळ रक्ताचे डाग आढळले होते आणि मुलीशी बोलताना दिसलेल्या माणसाचे वर्णन एका साक्षीदार स्त्रीने दिले होते. चिकातिलोची चौकशीही झाली. पण त्याच भागात अलेक्सांद्र क्राव्चेन्को नावाचा तरुण राहत होता आणि अल्पवयात केलेल्या बलात्कार व खुनाबद्दल तो पूर्वी शिक्षा भोगून आलेला होता. तो त्या संध्याकाळी घरीच होता, असे त्याच्या पत्नीने आणि तिच्या मैत्रिणीने आधी सांगितले. त्या दोघींवर दबाव आणून जबाब बदलून घेण्यात आले आणि नंतर क्राव्चेन्कोकडून कबुली मिळवली गेली. त्याची मृत्युदंडाची शिक्षा एकदा पंधरा वर्षांच्या कैदेवर आली होती, पण खटला पुन्हा चालला आणि जुलै 1983 मध्ये त्याला गोळी घालण्यात आली. पुढे त्याच खुनाची कबुली चिकातिलोने दिली आणि 1992 च्या खटल्यात तो खून त्याच्यावरील आरोपांमध्ये होता.

तीन रकाने शेजारी ठेवण्याचा उपयोग इथे कळतो. क्राव्चेन्कोला गोळी घातली गेली तोपर्यंत 1982 चा उन्हाळा आणि हिवाळा उलटून गेला होता, झाडांच्या पट्ट्यांमधून एकाच प्रकारच्या जखमा असलेले अनेक मृतदेह हाती आले होते आणि 1983 मध्ये मॉस्कोहून पोलीस अधिकारी मिखाईल फेतिसोव यांना रोस्तोवला पाठवावे लागले होते. सुट्या तारखा वाचताना हे लक्षात येत नाही. याच सुमारास मतिमंद तरुणांकडूनही खुनाच्या कबुल्या घेतल्या जात होत्या. ते कोठडीत असताना बाहेर खून होतच राहिले, तरी संशय त्यांच्यावरून हटायला वेळ लागला. समलैंगिक पुरुषांचीही मोठ्या प्रमाणावर धरपकड झाली. त्या काळी सोव्हिएत कायद्यात पुरुषांमधील समलैंगिक संबंध हाच गुन्हा असल्याने त्यांना दडपणे सोपे होते आणि काही संशयितांनी आत्महत्या केली. या माणसांविषयी दोन ओळी लिहून पुढे जाण्याची रीत आहे. माझ्या मते लेखाचा निदान चौथा हिस्सा त्यांचा असायला हवा.

1984 ची अटक हा वाचकाला हमखास चक्रावून टाकणारा भाग असल्यामुळे तो सावकाश सांगावा. त्या सप्टेंबरमध्ये साध्या वेशातील पोलिसांनी रोस्तोवच्या बसस्थानकावर एका मध्यमवयीन माणसाला तरुणींशी सलगी करताना पाहिले, तासन्‌तास त्याचा पाठलाग केला आणि पकडल्यावर त्याच्या बॅगेत चाकू, दोर आणि व्हॅसलिनची डबी मिळाली. तो चिकातिलो होता. त्याचा रक्तगट ‘ए’ निघाला आणि मृतदेहांवरील वीर्याच्या नमुन्यांवरून गुन्हेगाराचा गट ‘एबी’ ठरवलेला होता, म्हणून खुनाच्या संशयातून त्याला वगळण्यात आले. जुन्या नोकरीच्या ठिकाणी केलेल्या चोरीबद्दल त्याला एक वर्षाची शिक्षा झाली आणि डिसेंबरमध्ये तो सुटलाही. काही माणसांचा रक्तगट रक्तात एक आणि वीर्यात दुसरा दिसतो, असा सिद्धांत या चुकीच्या समर्थनार्थ पुढे मांडला गेला. तो आजही अनेक लेखांत वस्तुस्थिती म्हणून छापला जातो, परंतु नमुना दूषित होणे किंवा प्रयोगशाळेतील साधी चूक हे स्पष्टीकरण कितीतरी अधिक पटणारे आहे. सुटल्यावर त्याने नोवोचेर्कास्कच्या रेल्वे इंजिन कारखान्यात नोकरी धरली आणि कामानिमित्तचा त्याचा प्रवास चालू राहिला. नंतरचे काही खून रोस्तोवपासून शेकडो मैल दूर झाले, याचे कारण हे दौरे. दौऱ्यांच्या कार्यालयीन नोंदी खुनांच्या तारखांशी जुळतात हे पुढे पडताळून पाहिले गेले, म्हणून पहिल्या रकान्यात नोकरीचे बदल नीट भरावेत.

शेवटच्या महिन्याचे वर्णन करताना मात्र बारीक तपशील जरूर द्यावेत. तपासप्रमुख व्हिक्तोर बुराकोव यांच्या योजनेनुसार मोठ्या स्थानकांवर गणवेशातील पोलीस मुद्दाम दिसतील असे उभे केले गेले आणि दोनलेस्खोझसारख्या आडबाजूच्या थांब्यांवर साध्या वेशातले, म्हणजे गर्दीला बिचकणारा माणूस आपोआप लहान थांब्यांकडे वळावा. 6 नोव्हेंबर 1990 रोजी दोनलेस्खोझला एका पोलीस सार्जंटने सूट घातलेला एक माणूस झाडीतून बाहेर येताना पाहिला. त्याने नळावर हात धुतले. कोपरांवर माती आणि गवत लागलेले होते आणि गालावर लाल डाग होता. कागदपत्रे ठीक होती आणि अडवून ठेवायला कारण नव्हते, म्हणून सार्जंटने नाव टिपून घेतले. आठवड्याभराने जवळच मृतदेह सापडला, ती टिपण वरिष्ठांपर्यंत पोहोचली आणि 1984 मध्ये वगळलेले नाव पुन्हा समोर आले. 20 नोव्हेंबरला त्याला अटक झाली.

सरकारी वकिलांच्या कार्यालयातील तपास अधिकारी इसा कोस्तोयेव यांच्या चौकशीला त्याने दाद दिली नाही. आरोप न ठेवता अडकवून ठेवण्याची दहा दिवसांची मुदत संपत आली, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ अलेक्सांद्र बुखानोव्स्की यांना बोलावण्यात आले. गुन्हेगार पकडला जाण्यापूर्वीच त्याच्या मनोवृत्तीविषयी स्वतः लिहून ठेवलेला अहवाल त्यांनी त्याला वाचून दाखवला आणि तो बोलता झाला. या कबुलीला आधीच्या कबुल्यांहून वेगळी का मानावी, हे वाचकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. पोलिसांच्या यादीत 36 खून होते. त्यांपैकी 34 त्याने मान्य केले, दोन नाकारले आणि यादीत नसलेले आणखी 22 सांगितले. पोलिसांना माहीतच नव्हते असे मृतदेह त्याने दाखवलेल्या जागी मिळाले. क्राव्चेन्कोच्या कबुलीत पोलिसांना आधी ठाऊक नव्हते असे काय होते, हा प्रश्न याच ठिकाणी विचारावा.

अर्थात हीदेखील कबुली आंधळेपणाने घेऊ नये. 14 एप्रिल 1992 रोजी रोस्तोवमध्ये सुरू झालेल्या खटल्यात त्याने आधी मान्य केलेले काही खून नाकारले. मॉस्कोच्या सेर्ब्स्की मानसोपचार संस्थेतील तज्ज्ञांनी त्याला कायद्याच्या दृष्टीने शहाणा ठरवलेले असताना न्यायालयात त्याने वेड्यासारखे चाळे केले. सगळ्यांत जास्त सावधगिरी बालपणाबाबत हवी. 1930 च्या दशकातील भीषण दुष्काळात आपल्या मोठ्या भावाला शेजाऱ्यांनी पळवून खाल्ले, असे आईने सांगितल्याचे तो म्हणे. दुष्काळ खरा आहे आणि त्यात लाखो माणसे मेली हेही खरे आहे, पण असा भाऊ होता याची कागदोपत्री नोंद मिळालेली नाही. हा प्रसंग लेखाच्या आरंभी घातला तर वाचक पुढचे सगळे त्याच चष्म्यातून पाहतो, म्हणून तो उशिरा आणि ‘त्याच्या सांगण्यानुसार’ या शब्दांसह द्यावा.

बळी पडलेल्यांची नावे देण्याची गरज नसते; वय, गाव आणि त्या दिवशी ती व्यक्ती कुठे निघाली होती एवढे पुरते. आकड्यांबाबत मात्र काटेकोर असावे. कबुली 56 खुनांची होती, त्यांपैकी तीन पडताळता आले नाहीत म्हणून आरोप 53 खुनांचा ठेवला गेला आणि ऑक्टोबर 1992 मध्ये न्यायालयाने 52 खुनांसाठी मृत्युदंड दिला, ज्याची अंमलबजावणी 14 फेब्रुवारी 1994 रोजी झाली. हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या ठिकाणी बळींची संख्या म्हणून छापलेले सापडतात. शीर्षकात आकडा घालायचाच असेल तर 52 घालावा आणि तो न्यायालयाने ठरवलेला आहे, हे पहिल्याच परिच्छेदात नमूद करावे.