मुलांच्या अमेरिकन नागरिकशास्त्राला हात घालण्यापूर्वी

भारतातून नुकत्याच आलेल्या आईवडिलांना मुलांचे गणित जड जात नाही. अडते ते ‘सोशल स्टडीज’पाशी. विषय फार कठीण आहे असे नाही, पण शाळेत शिकलेले आपले नागरिकशास्त्र आपण नकळत याही देशाला लावू पाहतो.

पहिली गफलत ‘राज्य’ या शब्दापाशी होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र अस्तित्वात आला तो संसदेच्या कायद्याने. आपल्या घटनेनुसार राज्याच्या सीमा बदलताना त्याचे मत विचारले जाते, संमती मात्र लागत नाही. अमेरिकेत क्रम उलटा आहे. १७७६ मध्ये ब्रिटनपासून स्वातंत्र्य जाहीर करणाऱ्या १३ वसाहतींनी आधी एक सैल संघ करून पाहिला. त्याला कर बसवण्याचाही अधिकार नव्हता, म्हणून तो चालेना, आणि १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात नवी घटना लिहिली गेली. केंद्राला अधिकार मिळाले ते मोजून. उरलेले राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतील, असे १७९१ च्या दहाव्या घटनादुरुस्तीने लिहून ठेवले. दुसऱ्या राज्यात राहायला गेल्यावर वाहन परवाना नव्याने का काढावा लागतो, याचे उत्तर इथेच आहे.

माझी मुलगी पाचवीत असताना तिने तीन रकान्यांचा एक कागद घरी आणला होता: काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष, न्यायालय, आणि त्यांच्यामध्ये उलटसुलट बाण. (काँग्रेस म्हणजे इथे पक्ष नव्हे, कायदेमंडळ.) राष्ट्राध्यक्षाकडून काँग्रेसकडे गेलेल्या बाणावर ‘नकाराधिकार’ लिहिलेले होते, आणि दोन्ही सभागृहांना दोन-तृतीयांश मतांनी तो नकार मोडता येतो, हे परतीच्या बाणावर. काँग्रेसमध्ये विरोधी पक्षाचे बहुमत असले तरी राष्ट्राध्यक्ष पायउतार होत नाही, हे मुलांना समजावण्याआधी आपल्याला स्वतःला पटवून घ्यावे लागते, कारण बहुमत गेले की सरकार पडते हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहात, कोट्यवधी लोकवस्तीच्या कॅलिफोर्नियाला दोन जागा आणि सहा लाखांहून कमी लोकांच्या वायोमिंगलाही दोनच.

गुलामगिरीचा धडा आला की पुष्कळ घरांत ‘हा त्यांचा इतिहास’ म्हणून पान उलटले जाते. तसे कृपया करू नका. प्रतिनिधींची संख्या ठरवताना मूळ घटनेने गुलामांची गणती तीन-पंचमांश धरली होती. यादवी युद्धानंतर १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. याची दखल पुण्यात जोतीराव फुल्यांनी घेतली आणि १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. आपल्या येण्याचाही या धड्याशी संबंध आहे. १९२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना ते ‘गोरे’ नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले. भारतीयांना तो हक्क १९४६ च्या कायद्याने मिळाला, आणि देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडणारा १९६५ चा स्थलांतर कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या ऐन काळात झाला.

शाळेत रोज सकाळी राष्ट्रध्वजाला वंदन होते. मुलाने त्यात भाग घ्यावा की नाही, ही सक्तीची बाब नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्येच दिला आहे. तेव्हा मूल काही विचारत असेल तर घाबरून न जाता शांतपणे बोला. आणि जमेल तेव्हा तुमच्या भागातील स्कूल बोर्डाच्या बैठकीला मुलाला घेऊन जा. बैठका लोकांना खुल्या असतात, बहुतेक ठिकाणी सदस्य मतदानाने निवडलेले असतात, आणि शेजारी राहणारा माणूस उभा राहून बसच्या वेळेबद्दल त्यांना जाब विचारताना मुलाला समोर पाहायला मिळतो.