मायक्रोनीडल पॅच बनवताना: टोक कुठे बिघडतं आणि का

मायक्रोनीडल पॅच म्हणजे त्वचेत टोचून औषध सोडणाऱ्या, विरघळणाऱ्या बारीक सुयांची पट्टी. त्वचेचा औषध अडवणारा सगळ्यात वरचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा. तरी सुई 600 मायक्रोमीटरची लागते, कारण त्वचा दबते आणि सुईचा बराच भाग बाहेरच राहतो. जेवढी आत जाते, तेवढीने दुखणं जवळपास जाणवत नाही.

औषध ठरवण्याआधी हिशेब करा. तळाशी 300 मायक्रोमीटर रुंद अशा चौकोनी पिरॅमिडच्या 100 सुयांत मिळून 1.8 मायक्रोलिटर मावतं. वाळल्यावर फार तर दोन मिलिग्रॅम, त्यातही बराचसा पॉलिमर, म्हणजे सुई घडवणारा पदार्थ. पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची मात्रा यात बसणारच नाही. लस, हार्मोन अशी अगदी कमी मात्रेची औषधं घ्या. सरावाला मिथिलीन ब्लू हा निळा रंग घ्या, टोकापर्यंत काय पोचलं ते डोळ्यांना दिसतं.

कमी रेणुभाराचा पीव्हीए (पाण्यात विरघळणारा पॉलिमर) 2 ग्रॅम, पाणी 8 मिलि. झाकण लावून 80 ते 90 अंशांवर ढवळत विरघळवा. पीव्हीपी (तसाच दुसरा पॉलिमर) 3 ग्रॅम 7 मिलि पाण्यात वेगळा विरघळवा. दोन्ही गार झाल्यावर समभाग मिसळा, औषध तेव्हाच घाला. रात्रभर ठेवा, म्हणजे बुडबुडे वर येतात. सिलिकॉनच्या साच्यावर थोडं द्रावण ओतून सेंट्रिफ्यूजमध्ये 3500 आरपीएमला (मिनिटाला फेरे) 15 मिनिटं फिरवा. वर उरलेलं द्रावण खरवडून परत घ्या, नाहीतर औषध तळपट्टीत (सुयांना धरून ठेवणाऱ्या मागच्या थरात) अडकून वाया जातं. टोकं वाळली की बिनऔषधी द्रावणाचा दुसरा थर देऊन पुन्हा फिरवा. टोक बोथट निघालं तर बहुतेक वेळा खाली बुडबुडा अडकलेला असतो. अशा वेळी द्रावण पातळ करण्याचा मोह टाळा. पातळ द्रावण वाळताना जास्त आकसतं.

खरी परीक्षा वाळवणीची. नाशिकला आषाढ-श्रावणात उघड्यावर ठेवलेला पॅच हवेतलं पाणी ओढतो, टोकं मऊ पडून भिजलेल्या शेवयांसारखी वाकतात. एप्रिलच्या झळांत उलटं: वर साय धरते, आत ओल राहते, मग पॅच कडेने वळून तडकतो. दोन्ही ऋतूंत चालणारी सोय म्हणजे मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणाची वाटी ठेवलेला बंद डबा. त्यात आर्द्रता 33 टक्क्यांच्या आसपास टिकते. 25 अंशांवर 24 ते 48 तास द्या. वाटीच्या तळाशी न विरघळलेलं मॅग्नेशियम क्लोराइड दिसत राहिलं पाहिजे. पॅच काढताना मागे चिकटपट्टी लावून एका कोपऱ्यातून सावकाश सोलायचा. सरळ ओढला की टोकं साच्यातच राहतात.

तपासणीला पॅराफिल्म या प्रयोगशाळेतल्या मेणचट, ताणल्या जाणाऱ्या पट्टीच्या आठ घड्या करा, साधारण एक मिलिमीटर जाडी होते. त्यावर पॅच अंगठ्याने 30 सेकंद दाबा, घड्या सुट्या करून भिंगाखाली भोकं मोजा. पहिल्या घडीत शंभर हवीतच. दुसरीत एका बाजूलाच कमी पडली तर सुयांना दोष देण्याआधी तळपट्टी वाकली आहे का बघा. पुढची चाचणी डुकराच्या कानाच्या कातडीवर. माणसावर मात्र नैतिकता समिती आणि केंद्रीय औषध नियंत्रकाच्या परवानगीशिवाय एकही पॅच लावायचा नाही, स्वतःच्या हातावरही नाही.